झाकलेलं वाक्य

टिल्ली दुपारी पाऊण तास झोपते. कधी पन्नास मिनिटंही झोपते, पण त्या वरच्या पाच मिनिटांवर भिस्त ठेवून काम काढलं की फजिती ठरलेली. म्हणून मी पाऊण तासच धरायचे. पाळण्याकडे तोंड करून बसायचं, दर दोन प्रश्नांनी तिची छाती वर-खाली होतेय ना ते बघायचं, आणि ती उठायच्या आत वीस प्रश्न लिहून मोकळं व्हायचं. वीस प्रश्न म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचा एक कागद.

तीन आठवडे असं चालणार होतं, कारण तीन आठवडेच मिळाले होते मला. इंग्रजीच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास. दोन खोल्या, एक ऑफिस आणि जिन्याखाली पाण्याचं पिंप. टिल्लीच्या आधी मी अशाच एका क्लासमध्ये दोन वर्षं शिकवलं होतं. त्यानंतरचं दीड वर्ष कुठे गेलं ते दुपट्यांना विचारा. क्लासच्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या मला म्हणाल्या होत्या, "सकाळची व्याकरणाची बॅच तीन आठवडे घेऊन बघ. तिसऱ्या शनिवारी सराव परीक्षा. व्याकरणात बॅचची सरासरी तीसपैकी बावीस आली तर बॅच तुझी, कायमची. नाही आली तर जुने सर आहेतच, ते दोन्ही बॅचेस घेतील."

सकाळी दहा ते बारा. मला दुसरी कुठलीच वेळ चालणार नव्हती. सासूबाई दुपारी एक वाजता शिवणाच्या दुकानात कामाला जातात, आणि नवरा सातला बाहेर पडतो तो दिवेलागणीनंतरच उगवतो. माझ्या दिवसाला तेवढी एकच फट होती, आणि तीत नीट बसेल असं कामही एकच.

बॅचमध्ये अठरा जण. सगळे मोठे, नोकरी करणारे, डोळे चोळत येणारे. एक नर्स ड्युटी संपवून थेट यायची. एक बेकरीवाली, पहाटे चारपासून उभी राहून झालेली. आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक उंच माणूस, ज्याला या परीक्षेच्या गुणांवर सुपरवायझरचं लायसन्स मिळणार होतं. त्याला वर्गात सगळे लिफ्टवाले दादा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी त्यांची एक चाचणी घेतली. सरासरी तीसपैकी सोळा. आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं: कर्ता आणि क्रियापदाचा मेळ.

नर्सने लिहिलं होतं, 'माय मदर-इन-लॉ आर कमिंग.'

"सासवा किती आहेत तुम्हाला?" मी विचारलं.

"एकच. पुष्कळ झाली."

"मग 'आर' कशाला? 'इज' लिहा."

"मॅडम, 'सासू येतेय' म्हटल्यासारखं वाटतं हो ते. घरी कळलं तर?"

वर्ग खदखदून हसला. मागून लिफ्टवाले दादा म्हणाले, "लिहा बिनधास्त. इंग्रजीत आपल्याला कोण ओळखतंय!"

हे आदराचं अनेकवचन दोन दिवसांत सुटलं. खरा चकवा पुढे होता, आणि तो कसा शिकवायचा हे मला पक्कं माहीत होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'द बॉक्स ऑफ बॉटल्स', आणि पुढे रिकामी जागा. "खोका एक, बाटल्या चोवीस," मी म्हटलं. "क्रियापद ऐकणार खोक्याचं. पण बसलंय बाटल्यांच्या मांडीला मांडी लावून. आपला डोळा शेजारी बघतो आणि 'आर' लिहून मोकळा होतो. तेव्हा मधलं सगळं झाका. खोका आणि क्रियापद, दोघंच समोर ठेवा." बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी अठरा पट्ट्या केल्या होत्या. प्रत्येकाला एक. वाक्याचा मधला भाग पट्टीने झाकायचा, उरलेलं मोठ्याने वाचायचं, मग उत्तर. माझ्या कागदावर प्रत्येक वाक्यात एक रिकामी जागा आणि खाली दोनच पर्याय: 'इज' की 'आर', 'हॅज' की 'हॅव'.

लोक पटापट शिकले. वीसपैकी अकरा, मग चौदा, मग सतरा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वर्गाची सरासरी साडेअठरावर गेली. मोठ्या बाई रोजचे आकडे जिन्याजवळच्या फळ्यावर लावायच्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दिवसातून तीनदा त्या फळ्यासमोरून जायचे. सासूबाईंनी तर शिवणाच्या दुकानात सांगून टाकलं होतं की आमच्या सुनेच्या हाताखाली लोक वीसपैकी एकोणीस आणतात.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. कागद वाटले आणि मी खिडकीशी उभी राहिले. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मूल शांत असलं की आई हातातलं टाकून बघायला जाते, कारण शांत मुलाच्या तोंडात काहीतरी असतं. मी बाकांमधून फिरायला लागले.

कुणीच काही झाकत नव्हतं. पट्ट्या वह्यांमध्ये खुणेला घातलेल्या. लिफ्टवाल्या दादांची पेन्सिल तर वाक्यावर नव्हतीच, ती नुसती खालच्या पर्यायांवरून घसरगुंडी खेळत चालली होती. चार मिनिटांत त्यांनी कागद पालथा ठेवला आणि हाताची घडी घातली. मी उत्तरं बघितली. एकोणीस बरोबर.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं. माझ्या पर्समध्ये नेहमी एक जादा कागद असायचा. टिल्ली एखाद्या दुपारी झोपलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी हात हलवत जायची वेळ येऊ नये म्हणून. तो अजून कुणी पाहिला नव्हता. मी एका कोऱ्या कागदाला फटी पाडल्या आणि तो वरून असा ठेवला की वाक्यं सगळी झाकली गेली, फक्त पर्यायांच्या जोड्या दिसत राहिल्या.

"सोडवा."

"वाक्य दिसत नाहीये, मॅडम."

"माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि वीसच्या वीस खुणा करून टाकल्या. मिनिटभरही लागलं नाही. मी तपासलं. सतरा बरोबर.

"हे कसं जमलं?"

ते खुलले. लबाडी पकडली गेल्यासारखा चेहरा नव्हता, कारण त्यांच्या मते ती लबाडी नव्हतीच. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्या कागदात नेहमी एकटाच जिंकतो. खोका जिंकतो, बाटल्या हरतात. यादी जिंकते, औषधं हरतात. दोन-चार दिवसांत ध्यानात आलं. लिफ्टचंही असंच असतं. नुसत्या आवाजावरून सांगतो मी बिघाड कुठे आहे, दर वेळी खाली उतरून बघावं लागत नाही."

"बाकीच्यांना सांगितलंत?"

"छे! पण त्यांचेही कान आहेत की. बेकरीवाल्या ताईंना विचारा, शेवटचं वाक्य कधी पूर्ण वाचलंय ते."

मी हसले. घरी येईपर्यंत मात्र त्या सतराचाच हिशोब करत राहिले.

त्या दुपारी टिल्ली झोपल्यावर मी नवीन प्रश्न लिहिले नाहीत. वाटलेले बारा कागद आणि तो जादा, असे तेरा कागद काढले आणि मोजत गेले. दोनशे साठ प्रश्न. त्यात उत्तर एकवचनी किती? दोनशे सत्तावीस.

कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. सापळा रचायचा म्हटलं की हाताशी पहिला येतो तो खोका-बाटल्यांचा सापळा. आधी एक वस्तू घ्यायची, मग तिच्यामागे गर्दी लावायची. झटकन होतो, दिसतो छान, आणि पाऊण तासात वीस बसतात. उलटा सापळा रचायला थांबून विचार करावा लागतो. मी थांबत नव्हते, पाळण्याकडे बघत होते. म्हणजे झालं असं की लोकांना इंग्रजी शिकवता शिकवता मी त्यांना माझी सवय शिकवली. आणि ती त्यांना वीसपैकी एकोणीस पाठ झाली होती.

परीक्षेचा कागद मी काढणार नव्हते. क्लासचा नियमच होता: जो शिकवतो तो सराव परीक्षा काढत नाही. शनिवारचा कागद जुन्या सरांचा होता.

गुरुवारी सकाळी टिल्लीला केळं भरवता भरवता मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या काजं करत होत्या. सुई न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"मग आता काय करणार?"

"मोठ्या बाईंना सांगणार."

"कशाला?" आता सुई थांबली. "चूक कळली ना तुला? मग उसव आणि परत शिव. मीसुद्धा उसवते. पण गिऱ्हाइकाला दुकानात बोलावून दाखवत नाही, की या बघा, इथे बाही उलटी लागली होती."

"आई, त्यांनी माझे आकडे जिन्यात लावलेत. सगळे बघतात."

"बघू देत. शनिवारनंतर कोण लक्षात ठेवतंय? तुला ती वेळ हवीये ना? दहा ते बारा?"

"हवीये."

"मग तोंडावर बोट ठेव आणि दोन दिवस राब." टिल्लीने केळ्याचा हात त्यांच्या कापडाला पुसला. "घ्या! हिनेही मत दिलं."

घरातून निघताना माझं ते 'सांगणार' तितकं पक्कं राहिलं नव्हतं. खरं तर वाटेत मी सासूबाईंच्याच बाजूला झुकत चालले होते. पण जिन्यातच मोठ्या बाईंनी हाक मारली. ऑफिसात जुने सर चहा घेत बसले होते. टेबलावर नव्या बॅचच्या पत्रकाचा मजकूर पडला होता.

"ये, ये. आज हे छापायला द्यायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझं नाव घालतेय, सकाळची बॅच म्हणून. आणि खाली ओळ: रोजच्या सरावात वीसपैकी साडेअठरा सरासरी. शनिवारची वाट कशाला बघायची? आकडे समोर आहेत. देऊन टाकते तुला बॅच."

म्हणजे मला नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द, आणि दहा ते बारा माझे झाले असते. मी त्या ओळीकडे बघितलं. ती वाचून नवे अठरा जण येणार, आणि मी त्यांच्यासमोर खडू घेऊन उभी राहणार.

"बाई, ते साडेअठरा काढून टाका," मी म्हटलं.

"का गं?"

मी तेरा कागद पर्समधून काढले आणि सांगितलं. दोनशे साठ, दोनशे सत्तावीस, झाकलेली वाक्यं, सतरा बरोबर. सगळं सरळ सांगितलं. मला माझी चूक इतकी स्पष्ट दिसत होती की ती समजावून सांगताना मी जवळजवळ शिकवायलाच लागले होते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तीन आठवडे त्यांना काहीच आलेलं नाही?"

"आलंय. अर्धं. उरलेलं अर्धं मी त्यांना करूच दिलं नाही. आज आणि उद्या मिळून चार तास आहेत माझ्याकडे."

"आणि शनिवारी बावीस नाही आले तर?"

"तर तुमचं ठरल्याप्रमाणे."

जुने सर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि खिशातून एक गुळगुळीत झालेलं नाणं काढलं. "मी काय करतो सांगू? प्रश्न लिहायच्या आधी हे उडवतो. छापा पडला तर उत्तर एकवचनी, काटा पडला तर अनेकवचनी. मग त्या उत्तराला साजेसं वाक्य रचायचं. तीस वर्षं झाली. पोरं समजतात म्हाताऱ्याला चाळा आहे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि खरं सांगू? साडेअठरा बघून मला वाटलं, आपणच म्हातारे झालो." ते मिश्कील हसले. "आज जरा तरुण वाटतंय."

मोठ्या बाईंनी पेनाने ती ओळ खोडली. माझं नाव खोडलं नाही, ठेवलंही नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "पत्रक सोमवारी देऊ," त्या म्हणाल्या. "जा, दहा वाजले."

वर्गाला सांगणं जास्त अवघड होतं. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. नर्स उखडली.

"म्हणजे आमचे एकोणीस खोटे?"

"खोटे नाहीत. पण त्यातले बरेच माझे आहेत, तुमचे नाहीत."

"आणि मी घरभर सांगून बसले त्याचं काय?" बेकरीवाली म्हणाली.

"माझ्या सासूबाईही दुकानभर सांगून बसल्यात," मी म्हटलं. "दोघी मिळून निस्तरू. वह्या काढा. आजपासून प्रश्न मी लिहिणार नाही, तुम्ही लिहायचे."

जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने चार वाक्यं लिहायची, आपापल्या कामातली. अट एकच. दुसऱ्या जोडीला आधी ती वाक्यं झाकून फक्त पर्याय दाखवायचे. झाकून चारपैकी चार ओळखता आले तर कागद फाडायचा आणि नव्याने लिहायचं. नुसत्या अंदाजाने जिंकता येतो तो प्रश्नच नव्हे.

पहिल्या अर्ध्या तासात पाच कागद फाटले. सगळ्यांच्या हातून खोका-बाटल्याच उतरत होत्या. मला वाईट वाटायच्या ऐवजी धीर आला, की हा दोष माझ्या एकटीचा नाही. मग हळूहळू गाडी रुळावर आली. बेकरीवालीने लिहिलं, 'द ट्रेज इन द हॉट ओव्हन' आणि पुढे रिकामी जागा.

"इज," समोरचा म्हणाला.

"ओव्हन बोलतोय का? ट्रे बोलतायत! सहा आहेत, आणि सगळे जळतायत. आर!" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. तिला स्वतःलाच इतका आनंद झाला की तिने लगेच दुसरं वाक्य लिहायला घेतलं.

नर्सने 'वन ऑफ द पेशंट्स' असं सुरू करून तिघांना पाडलं. मग 'द पेशंट्स ऑफ दॅट डॉक्टर' लिहून उरलेल्यांनाही पाडलं. "वॉर्डात मी हेच करते दिवसभर," ती म्हणाली. "औषध कुणाचं ते आधी बघायचं, उशाशी कोण बसलंय ते नाही." हे तिने माझ्यापेक्षा छान सांगितलं. मी ते फळ्यावर लिहून घेतलं.

लिफ्टवाल्या दादांना मात्र चैन पडत नव्हतं. वाक्यं ते सुरेख लिहायचे, कारण सापळा कसा लागतो हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. सोडवताना घड्याळ बघायचे. "एवढं प्रत्येक वाक्य वाचत बसलो तर वेळ पुरायचा नाही, मॅडम. युक्ती काय ती सांगा. आता उलटं धरायचं का?"

"काहीच धरायचं नाही. वाचायचं."

"बरं," ते म्हणाले. पण ते पटलेलं 'बरं' नव्हतं. मला दिसलं, आणि अठरा जणांत मी पुढे सरकले.

शुक्रवारी बॅचच्या कागदांतून मी वीस प्रश्न निवडले आणि जुन्या सरांना वर्गात बोलावलं. वाक्यं झाकून त्यांना फक्त पर्याय दिले. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, एकदा नाणंही काढलं. वीसपैकी नऊ.

"नापास!" नर्स ओरडली.

"साफ नापास," सर म्हणाले आणि वर्गाला वाकून नमस्कार केला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आठवड्याभरातल्या सगळ्या एकोणिसांपेक्षा मोलाच्या वाटल्या. चार तासांत मी अठरा जणांना वाक्याच्या शेवटापर्यंत नेलं होतं. शनिवारी काय होणार ते माहीत नव्हतं, पण आता ते जे काही होईल ते त्यांचं असणार होतं.

शनिवारी मला परीक्षेच्या खोलीत जायला बंदी होती. मी जिन्याखाली पिंपाशेजारच्या स्टुलावर बसले. घरून सासूबाईंचे तीन मेसेज आले: टिल्लीने अर्धं खाल्लं; टिल्लीने उरलेलं अर्धं फेकलं; झालं का? साडेअकराला दार उघडलं आणि माणसं बाहेर पडायला लागली. कुणी माझ्याशी बोलेना. जो तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

बाराला मोठ्या बाईंनी आत बोलावलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अठरा ओळी होत्या.

"साडेबावीस," त्या म्हणाल्या. "सरांनी पंधरा छापे, पंधरा काटे टाकले होते. नर्सला सत्तावीस. बेकरीवालीला चोवीस."

मी विचारलं, "बॅच?"

"तुझी. पत्रकात नाव जातंय, ओळ जात नाही. आणि एक अट आहे. यापुढे तुझे कागद छापण्याआधी सर झाकून सोडवणार."

"चालेल. आणि सरांचे मी."

जुने सर खिडकीतून वळले. "माझे? तीस वर्षांत माझ्या कागदाला कुणी हात लावलेला नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मोठ्या बाईंना हसू आवरेना. "लिहून घेते दोन्ही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मला पडद्यावरची शेवटची ओळ दिसली. पंधरा. पहिल्या दिवशीच्या चाचणीत त्याच माणसाला सतरा होते.

लिफ्टवाले दादा जिन्यात भेटले. बॅगेत हत्यारं वाजत होती, कामावर निघाले होते.

"पंधरा," ते म्हणाले. "मी म्हटलं, आता सर काढणार म्हणजे उलटं असणार. सगळीकडे अनेकवचन ठोकत गेलो. तुमच्याकडे एकटा जिंकत होता, तर इथे गर्दी जिंकेल." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "खरी परीक्षा गुरुवारी आहे. पुढे ढकलायची मुदत काल संपली."

"तुमच्या पंधरात माझा हात आहे," मी म्हटलं.

"नाही हो. तुम्ही पट्टी दिली होती. मीच काढली."

"तुम्ही काढलीत, कारण माझ्या कागदांना तिची गरजच पडत नव्हती. सोमवार, मंगळवार, बुधवार. साडेनऊला या. वर्गाआधी अर्धा तास, फक्त तुम्ही आणि मी. एक युक्ती सांगणार नाही."

"मग काय करणार?"

"वाक्यं वाचणार. मोठ्याने. पूर्णविराम येईपर्यंत. तीस प्रश्न अठरा मिनिटांत कसे बसतात ते मी घड्याळ लावून दाखवते. वेळ पुरतो. तुम्ही बिघाड आवाजावरून ओळखता ना? ते पहिल्या वर्षी येत होतं?"

ते विचारात पडले. "पहिली दोन वर्षं रोज खाली उतरायचो."

"मग तीन दिवस उतरा."

त्यांनी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "साडेनऊ," ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

मी वर जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं की सोमवारपासून तीन दिवस खोली साडेनऊला उघडी हवी. त्यांनी 'कशाला' असंही विचारलं नाही, किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग मी घरी फोन लावला.

"आई, मिळाली बॅच."

"मिळाली? मग आवाज असा का?"

"एकाला पंधराच आलेत."

"अठरांत एक! दुकानात सतराच जणांचं सांगते मी."

"गुरुवारी त्यांची परीक्षा आहे. मी तीन दिवस त्यांना साडेनऊला बोलावलंय."

पलीकडून टिल्लीचा आवाज आला, काहीतरी जमिनीवर आपटत असल्याचा.

"म्हणजे तू घरातून नऊला निघणार," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे हिला पावणेनऊला भरवायला हवं. म्हणजे मला काजं आदल्या दिवशीच उरकायला हवीत. बरं. तू ये आता, आधी हिच्याकडे बघ. मघापासून पडद्याला लोंबकळतेय, आणि पडदा मी शिवलाय, दांडी तुझ्या नवऱ्याने बसवलीये."